चौदा हजार तासांची किनार

आधी एक ढोबळ हिशेब करू. बेडरूमची एक खिडकी, दोन पडदे, प्रत्येकाची उंची सात फूट. दोन पडदे मधोमध जिथे एकमेकांना भेटतात, फक्त त्या कडांना दोन इंच रुंदीची लेस लावायची. दोन्ही मिळून चौदा फूट, म्हणजे साधारण सव्वाचार मीटर. क्षेत्रफळ काढलं तर दोन हजार चौरस सेंटीमीटरच्या थोडं वर जातं. वरचं सोडून देऊ, दोन हजार धरू.

आता फ्रान्सला जाऊ. तिथे आलाँसाँ नावाच्या गावात सुईनं लेस करायची जुनी कला अजून टिकून आहे. २०१० साली युनेस्कोने ती अमूर्त वारशाच्या यादीत घेतली, तेव्हा सोबत एक आकडाही दिला: एक चौरस सेंटीमीटर लेस करायला सात तास. दोन हजार गुणिले सात, चौदा हजार तास. रोज आठ तास आणि वर्षाचे तीनशे दिवस काम धरलं, तर एका माणसाची जवळजवळ सहा वर्षं. एका खिडकीसाठी! आणि ही कला नीट हातात बसायला सात ते दहा वर्षं लागतात, ती वेगळीच.

तेवढ्याच लांबीरुंदीची लेस पुण्यात बोहरी आळीतून किंवा मुंबईत भुलेश्वरातून दोघांच्या मिसळीच्या पैशात मिळते.

चौदा हजार तास आणि दोन प्लेट मिसळ, यांच्या मध्ये नक्की काय घडलं? पडद्यांना किनार कुठली लावावी या अगदी घरगुती प्रश्नातून मी या प्रश्नात शिरलो आणि दोन-तीन वीकेंड त्यातच गेले. कारण मध्ये जे घडलं, त्यात आपल्या धंद्याचाही जन्म आहे. आपला म्हणजे सॉफ्टवेअरचा.

किनार लागते कशाला?

पडदे मी घरीच शिवतोय, आईच्या मशीनवर. कापड बेतायच्या आधीच आईनं बजावलं, "अरे, किनार आधी ठरव, मग कापड काप." तेव्हा हे उलटं वाटलं. सजावट तर शेवटी करायची ना? पण तिचं म्हणणं सरळ होतं. कडेला जाड लेस लावायची असेल तर तिथली दुमड वेगळी घ्यावी लागते. चुण्यांची झालर लावायची असेल तर कडेच्या लांबीच्या दीडपट ते दुप्पट पट्टी लागते. नुसती मगजी फिरवायची असेल तर दुमड लागतच नाही, मगजीच कापडाची कड झाकते. किनार म्हणजे नंतर चिकटवलेला दागिना नव्हे, ती पडद्याच्या रचनेचा भाग असते.

इतिहासही हेच सांगतो. कापड कापलं की कड उसवायला लागते. ती बांधायला दुमड, मगजी, गोफ, फीत आली. सुटे धागे गाठी मारून बांधले की त्यांचेच गोंडे झाले. जड किनारीमुळे पडदा सरळ पडतो, वाऱ्यानं फडफडत नाही. शोभा मागाहून आली. पण एकदा आली ती अशी आली, की पुढची तीनशे वर्षं युरोपात मूळ कापडापेक्षा कडेची पट्टी महाग, असा प्रकार चालू राहिला. आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही म्हणा. साडी दाखवताना आपल्याकडे आधी काठ आणि पदरच पुढे केला जातो.

हवेतला टाका

सोळाव्या शतकात व्हेनिसमध्ये सुईकाम करणाऱ्या बायका आधी कापडातले धागे काढून त्यात जाळी भरत. मग खालच्या कापडाचीच गरज उरली नाही. या कामाला तिथे 'हवेतला टाका' अशा अर्थाचं नाव होतं, आणि ते अगदी बरोबर आहे, कारण खाली आधार काहीच नाही, नुसता धागा आणि भोकं. दुसरी रीत होती बॉबिनची. उशीवर टाचण्या टोचायच्या, दहा-वीस ते शेकडो बॉबिनांवर धागे गुंडाळायचे आणि त्या एकमेकींवरून फिरवत पीळ घालत जायचं. या रीतीच्या नमुन्यांचं छापील पुस्तक व्हेनिसमध्ये १५५७ साली निघालं, 'ले पोम्पे' नावाचं. नावाचा अर्थ थाटमाट, डामडौल असा काहीसा. गंमत म्हणजे त्याच शहरात लोकांच्या डामडौलावर नजर ठेवायला सरकारी अधिकारी नेमलेले होते, आणि त्यांच्या खात्याच्या नावातही हाच शब्द होता.

शंभर वर्षांत लेस हा थेट परकीय चलनाचा प्रश्न झाला. फ्रान्सचे उमराव व्हेनिसच्या लेसवर इतका पैसा उधळत होते, की चौदाव्या लुईचा मंत्री कोल्बेर यानं १६६५ मध्ये देशातच लेसच्या कारखान्यांना सरकारी मक्तेदारी दिली, शिकवायला व्हेनिसच्या कारागिरणी आणवल्या आणि बाहेरच्या लेसवर बंदी घातली. आजच्या भाषेत 'मेक इन फ्रान्स'. आलाँसाँची लेस नावारूपाला आली ती या धोरणातून.

पण व्हेनिस असो की आलाँसाँ, लेस म्हणजे माणसाचे तास. धागा स्वस्त, वेळ महाग.

हीथकोटचा अल्गोरिदम

इंग्लंडच्या मध्य भागात, नॉटिंगहॅमच्या आसपास, मोजे विणायच्या यंत्रांचा मोठा धंदा होता. हे यंत्र तिथल्याच विल्यम ली यानं १५८९ मध्ये तयार केलेलं. त्यात खटपटी करून जाळी काढायचे प्रयोग अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात बरेच झाले. पण ती जाळी मोज्याच्या जातीची, म्हणजे एक धागा तुटला की सगळी उसवत जाणारी. खऱ्या बॉबिन लेसचा पीळ यंत्राला जमत नव्हता.

तो जमवला जॉन हीथकोट यानं. जन्म १७८३, पेशानं यंत्रं जुळवणारा कारागीर. त्यानं काय केलं ते कुठल्याही प्रोग्रामरला आवडेल. तो उशीवर लेस करणाऱ्या बाईच्या हातांकडे बघत बसला. वरवर बघितलं तर शेकडो बॉबिनांचा नुसता गोंधळ. पण बारकाईनं बघितल्यावर त्याच्या लक्षात आलं, की निम्मे धागे जवळजवळ सरळ उभे चालतात आणि उरलेले निम्मे त्यांच्याभोवती पीळ घेत तिरके सरकतात. झालं! उभे धागे ताण्यासारखे ताणून धरायचे आणि तिरके धागे चपट्या, पातळ बॉबिनांत भरून त्यांच्यामधून झुलवायचे. मोठा प्रश्न फोडून दोन साध्या प्रश्नांत वाटून टाकला. १८०८ आणि १८०९ मध्ये त्यानं पेटंटं घेतली आणि लफबरो या गावात कारखाना थाटला.

सॅम्युएल स्माइल्स यानं 'सेल्फ हेल्प' या १८५९ च्या गाजलेल्या पुस्तकात या जाळीच्या किमतीचा आकडा दिलाय. सुरुवातीला एका चौरस यार्डाला पाच पौंड, पंचवीस वर्षांनी साधारण पाच पेन्स. तेव्हाच्या पौंडात २४० पेन्स असत, म्हणजे किंमत २४० पटींनी पडली. मूरचा नियम वगैरे आपण नंतर शिकलो. :-)

२८ जून १८१६

मात्र पाच पौंडांची वस्तू पाच पेन्सला येते, तेव्हा मधले चार पौंड एकोणीस शिलिंग सात पेन्स कुणाच्या तरी पोटातून जातात.

नॉटिंगहॅमच्या परिसरात १८११ पासून लडाइट चळवळ पेटलेली होती. 'लडाइट' हा शब्द आपण आज तंत्रज्ञानाला घाबरणाऱ्या माणसासाठी वापरतो. आमच्या ऑफिसात गिट वापरायला कुरकुर करणाऱ्यालाही लडाइट म्हणून झालंय. हे त्या लोकांवर अन्याय करणारं आहे. ते स्वतः यंत्रावर काम करणारेच कारागीर होते. मोज्याची यंत्रं त्यांच्या आजोबा-पणजोबांपासून चालत आलेली. त्यांचा राग होता तो घटवलेल्या मजुरीवर, उमेदवारी न केलेली माणसं कमी पैशात कामाला लावण्यावर, आणि कापून शिवलेला हलका माल चांगल्याच्या भावात खपवून धंद्याचं नाव घालवण्यावर. कुठली यंत्रं फोडायची आणि कुठली सोडायची, हे ते पुष्कळदा मालक कसा वागतो ते बघून ठरवत.

सरकारनं यंत्रं फोडणाऱ्याला फाशी द्यायचा कायदा आणला, तेव्हा २७ फेब्रुवारी १८१२ रोजी उमरावांच्या सभागृहात एका चोवीस वर्षांच्या तरुणानं त्याविरुद्ध आपलं पहिलंवहिलं भाषण केलं. हा तरुण म्हणजे कवी लॉर्ड बायरन. त्याचं वडिलोपार्जित घर नॉटिंगहॅमशरमध्येच होतं, कारागिरांची उपासमार त्याच्या दारापर्यंत आलेली. ही माणसं गुन्हेगारीनं नव्हे, दारिद्र्यानं इथवर आली आहेत, असा त्याच्या बोलण्याचा रोख होता. कायदा अर्थातच मंजूर झाला.

२८ जून १८१६ च्या रात्री हत्यारबंद टोळी हीथकोटच्या लफबरोच्या कारखान्यात घुसली. एका पहारेकऱ्याला गोळी लागली, आणि लेसची पन्नासहून अधिक यंत्रं हातोड्यांनी फोडली गेली. कारखान्यात मजुरी कमी केल्याचा राग त्यामागे होता, असं सांगतात. जेम्स टाउल या कारागिराला त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये फाशी झाली आणि एप्रिल १८१७ मध्ये आणखी सहा जणांना. हीथकोटला दहा हजार पौंडांची भरपाई देऊ केली गेली, पण ती रक्कम त्याच परगण्यात गुंतवायची अशी अट होती. त्यानं ती नाकारली आणि दूर नैऋत्येला, डेव्हन परगण्यातल्या टिव्हर्टनला बिऱ्हाड हलवलं. तिथली एक कापडगिरणी त्यानं आधीच घेऊन ठेवलेली होती. त्याच्यामागे त्याचे बरेच कामगार बायकामुलांसह गेले.

हीथकोटचा हा कारखाना टिव्हर्टनमध्ये पुढे दोनशे वर्षं टिकला. फेब्रुवारी २०२१ मध्ये नासाची 'पर्सिव्हिअरन्स' गाडी मंगळावर उतरली, तिच्या पॅराशूटचं कापड याच कंपनीनं विणलेलं. त्या पॅराशूटच्या केशरी-पांढऱ्या पट्ट्यांत इंजिनिअर मंडळींनी बायनरीमध्ये एक संदेश लपवला होता, आणि लोकांनी तो काही तासांत उलगडलाही.

लेसचा फुगा

१८२३ मध्ये हीथकोटच्या पेटंटची मुदत संपली. त्यानंतर नॉटिंगहॅममध्ये जे झालं, ते वाचताना १९९९ आठवल्याशिवाय राहत नाही. वकील, डॉक्टर, दुकानदार, पाद्री, ज्याला त्याला लेसचं यंत्र घ्यायचं होतं. यंत्र जुळवणाऱ्या लोहारांना आणि फिटरांना तोंडाला येईल ती मजुरी मिळू लागली. लोक शेतीवाडी गहाण टाकून यंत्रात पैसे घालत होते. या काळाला तिथल्या इतिहासात 'जाळीचा ताप' असंच नाव आहे. १८२५ च्या सुमारास माल जास्त, गिऱ्हाईक कमी झालं आणि ताप उतरला. उतरताना बऱ्याच जणांना घेऊन गेला. स्वस्त झालेली यंत्रं आणि शिकलेले हात मात्र शहरात राहिले. फुग्यांचं असंच असतं. डॉट कॉम फुटलं, पण समुद्राखालच्या केबली उरल्या, आणि आमच्या पिढीच्या नोकऱ्या त्यांच्यावर उभ्या राहिल्या.

भोकं पाडलेले पुठ्ठे

हीथकोटचं यंत्र साधी जाळी करायचं. तिच्यावर फुलं-पानं काढायची तर ती हातानंच भरावी लागत. नक्षी यंत्रातच यावी यासाठी फ्रान्सचा शोध उपयोगी पडला.

ल्यों शहरात रेशमी कापडावर नक्षी विणताना ताण्याचा कुठला धागा कधी उचलायचा, हे मागाच्या शेजारी बसलेलं पोर हातानं दोऱ्या ओढून ठरवायचं. १७२५ मध्ये बूशाँ यानं यासाठी भोकं पाडलेली कागदाची पट्टी वापरून पाहिली, १७२८ मध्ये फाल्काँ यानं पट्टीऐवजी ओवलेले पुठ्ठे आणले, आणि १८०४ मध्ये जाकार यानं हे सगळं जुळवून चालणारं यंत्र केलं. तोच आपल्या कापडबाजारातला 'जॅकार्ड'. पुठ्ठ्यात भोक असेल तर धागा वर, नसेल तर खाली. एक आणि शून्य. नक्षी बदलायची तर माग बदलायचा नाही, फक्त पुठ्ठे बदलायचे. हार्डवेअर आणि सॉफ्टवेअर वेगळं झालं ते असं, एका मागावर.

नॉटिंगहॅमच्या जॉन लीव्हर्सनं १८१३ मध्ये हीथकोटच्या यंत्रावरून नवं यंत्र केलं होतं. १८४० च्या दशकाच्या सुरुवातीला त्याला जॅकार्डची जोड मिळाली आणि नक्षीसकट आख्खी लेस यंत्रातून बाहेर पडू लागली.

अगदी त्याच सुमारास, १८४३ मध्ये, लंडनला एका बाईनं चार्ल्स बॅबेजच्या गणनयंत्रावर टिपा छापल्या. त्यात तिनं लिहिलं, की जाकारचा माग जशी फुलं-पानं विणतो, तसं हे यंत्र बीजगणिताच्या आकृत्या विणेल. ही एडा लव्हलेस. तिच्या टिपांमधली आकडेमोडीची पद्धत जगातला पहिला प्रोग्राम म्हणून ओळखली जाते. १८३४ मध्ये आईबरोबर इंग्लंडचे कारखाने बघत फिरताना तिनं जॅकार्ड माग चालताना पाहिले होते.

आणि ती बायरनची मुलगी. लफबरोत यंत्रं फुटली तेव्हा सहा महिन्यांची होती. बाप दोन महिन्यांपूर्वीच देश सोडून गेलेला, तो तिला पुन्हा कधीच भेटला नाही. बापानं यंत्रामुळे उपाशी पडलेल्यांची बाजू मांडली, लेकीनं यंत्र पुढे काय काय करू शकेल ते पाहिलं. यात कुणा एकाचं बरोबर आणि दुसऱ्याचं चूक, असं मला तरी म्हणता येत नाही.

खिडकी मोठी झाली

आतापर्यंत लेस होती ती कपड्यांची. पडद्याची लेस आली ती १८४६ मध्ये, नॉटिंगहॅमच्या जॉन लिव्हजीनं रुंद पडदेच्या पडदे विणणारं यंत्र केलं तेव्हा. वेळ अगदी नेमकी साधली गेली. ब्रिटनमध्ये काचेवरचा कर १८४५ मध्ये गेला आणि खिडक्यांवरचा कर १८५१ मध्ये. खिडक्या मोठ्या झाल्या, काचा मोठ्या झाल्या. रस्त्याला लागून चाळीसारख्या ओळीत बांधलेल्या घरांना आता उजेड हवा होता, पण येणाऱ्या-जाणाऱ्याची नजर नको होती. लेसच्या पडद्यानं दोन्ही साधलं. दिवसा आतून बाहेरचं दिसतं, बाहेरून आतलं दिसत नाही.

हा पडदा मध्यमवर्गाचं निशाण होऊन बसला. अमेरिकेत गेलेल्या आयरिश लोकांत जरा बरे दिवस आलेल्यांना बाकीचे 'लेसच्या पडद्यावाले आयरिश' म्हणून चिडवायचे. नव्या फ्लॅटच्या पडद्यांवर आपण जी चर्चा करतो, ती काही आपण शोधून काढलेली नाही.

जीपीओचं कोडं

आता दुकानात येऊ. लेसवाल्याकडे गेलात तर तो विचारेल, "जीपीओमध्ये दाखवू का?" मला आधी वाटलं पोस्टाशी काही संबंध असावा. तसं नाही. हा 'गिप्युअर' या फ्रेंच शब्दाचा आपल्या बाजारानं केलेला अवतार आहे. जाड, उठावदार, मागे जाळी नसलेली लेस.

तिची करणी मजेदार आहे. स्वित्झर्लंडच्या सेंट गॅलन भागात इझाक ग्र्योब्ली यानं १८६३ मध्ये होडीच्या आकाराचा धोटा असलेलं भरतकामाचं यंत्र केलं. त्या यंत्रावर पुढे लोकांनी अशी युक्ती काढली, की भरतकाम एका वेगळ्याच धाग्याच्या कापडावर करायचं आणि मग रसायनात बुडवून ते कापडच विरघळवून टाकायचं. खालचं सगळं जातं, वरचं भरतकाम तेवढं उरतं. तीनशे वर्षांपूर्वीचा 'हवेतला टाका' यंत्रानं असा गाठला. आता खालचं कापड पुष्कळदा पाण्यातच विरघळणारं असतं आणि नक्षी कॉम्प्युटरवर काढलेली असते.

जीपीओशिवाय दुकानात बाकी काय असतं? बहुतेक तलम, पातळ जाळीदार लेस 'राशेल' जातीच्या यंत्रांवरची असते. १९५० च्या दशकापासून या यंत्रांनी लीव्हर्सचा बाजार खाल्ला. सुती, जराशी खडबडीत दिसणारी पट्टी म्हणजे 'टॉर्चन'. ती गोफ विणणाऱ्या गोल यंत्रावर होते, आणि त्या यंत्राला जर्मनीतल्या बार्मेन गावाचं नाव आहे. गोंड्यांची, पॉमपॉमची लेस वेगळी. आणि एका कोपऱ्यात, बहुधा वरच्या फळीवर, क्रोशाची लेस.

यंत्राला न जमलेली

क्रोशाची गोष्ट स्वतंत्र आहे, कारण खरं क्रोशाकाम करणारं यंत्र बाजारात नाही. 'क्रोशे' म्हणून जी यंत्रावरची लेस विकतात, ती दुसऱ्याच पद्धतीनं विणलेली नक्कल असते. म्हणजे खरी क्रोशाची पट्टी जगात कुठेही, कितीही स्वस्त मिळाली, तरी ती कुणीतरी हातात सुई धरून, एकेक फास ओढून केलेली असते.

मग ती इतकी स्वस्त कशी?

याचं उत्तर पुन्हा नॉटिंगहॅमच्या इतिहासात आहे. यंत्रानं जाळी केली म्हणून हातकाम संपलं नाही, ते कारखान्यातून घरात गेलं. जाळीवर नक्षी भरणं, पट्ट्या जोडणारा धागा ओढून काढणं, कडा कातरणं, ही कामं बायका आणि मुलं घरी बसून नगावर करत. १८४३ च्या सरकारी चौकशीच्या अहवालात अगदी चिमुरडी पोरं या कामाला बसवलेली आढळतात. कारखान्यातला कामगार निदान मोजला जात होता. घरातला कुणाच्या मोजणीत नव्हता.

आपल्याकडे आंध्रातल्या पश्चिम गोदावरी भागात नरसापूर हे क्रोशाच्या लेसचं मोठं केंद्र आहे. एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी तिथल्या बायकांना ही कला शिकवली. मारिया मीस या जर्मन समाजशास्त्रज्ञ बाईंनी तिथे राहून अभ्यास केला आणि १९८२ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. त्यांचा मुद्दा मनात राहतो. जगभर निर्यात होणारा माल करणाऱ्या या बायकांना कामगार न म्हणता 'घरी बसून फावल्या वेळात विणणाऱ्या गृहिणी' म्हटलं जात होतं. आणि एकदा वेळ 'फावला' ठरला, की त्याचा भाव ठरवायचं कारणच उरत नाही. धागा पुरवणारे, माल गोळा करणारे आणि निर्यात करणारे मात्र व्यापारी, आणि ते पुरुष.

आपण नाकं मुरडायचं कारण नाही. रुखवतात मांडलेले क्रोशाचे रुमाल, टीव्हीवर घातलेलं झाकण, दारावरचं मण्यांचं तोरण, या सगळ्याला किती तास लागले ते आपल्याही घरात कुणी कधी मोजलेलं नाही. "छान वेळ जातो हो," एवढीच त्याची नोंद.

लेसच्या दोनशे वर्षांतून मला जे दिसलं ते हे. यंत्रानं माणसाचे तास वाचवले, हे खरंच आहे. पण जे तास वाचले नाहीत, ते दिसेनासे केले, हेही तेवढंच खरं. आज कोड लिहिणारी यंत्रं आपल्या टेबलावर आली आहेत. आपल्यातले काही हीथकोट होतील, काही लफबरोचे कारागीर. मला जास्त काळजी वाटते ती तिसऱ्या गटाची. यंत्राच्या कामाच्या कडा कातरायला, धागे ओढायला घरी बसवलेल्यांची, ज्यांच्या कामाला कुणी काम म्हणणार नाही.

तर मग कुठली घ्यावी?

बेडरूमच्या पडद्यांपुरतं सांगतो.

पडदा सुती असेल तर किनार सुती घ्यावी. सुती कापड धुतल्यावर आटतं, पॉलिएस्टर आटत नाही, आणि मग सरळ शिवलेली कड चुण्या पडून वेडीवाकडी होते. सुतीवर सुती लावायची तरी दोन्ही आधी एकदा धुऊन, वाळवून, इस्त्री करून घ्यावं. जर किंवा गोट्याची पट्टी दिसते झकास, पण धुण्यात मार खाते. ती सणाच्या तोरणाला ठेवावी. गोंडे, पॉमपॉम लावायचे तर खालच्या कडेला आणि जमिनीपासून वर, नाहीतर ते केर काढत बसतात. तलम पडद्याला जाड जीपीओ लावू नये, कड ओढली जाऊन पडदा लोंबतो. लागेल त्यापेक्षा अर्धा मीटर जास्त घ्यावी, कारण नक्षी जुळवण्यात तेवढी जाते, आणि पुढच्या महिन्यात त्याच बंडलाचा रंग पुन्हा मिळेलच असं नाही.

यंत्राची लेस घेण्यात काहीही कमीपणा नाही. ती दोनशे वर्षांच्या अफाट डोक्याचं फळ आहे. फक्त ती हातकामाच्या भावात घेऊ नये. उलट क्रोशाची पट्टी समोर आली, तर तिच्यातली दोन फुलं शेजारी धरून बघावीत. यंत्राच्या पट्टीत सगळी फुलं सारखी असतात, एक धागा चुकलेला असेल तर तो दर फुलात त्याच जागी चुकलेला असतो. हाताच्या पट्टीत एखादं फूल घट्ट, एखादं सैल, एखाद्याची पाकळी किंचित कललेली असते. असं फूल दिसलं की भावाची घासाघीस तिथे थांबवावी, आणि शक्य असेल तर माल थेट विणणारीकडून किंवा बायकांच्या गटाकडून घ्यावा.

मी माझ्या खिडकीसाठी आतल्या कडांना दोन इंची सुती टॉर्चन ठरवलीय, यंत्राचीच. पडदा ओढून बांधायच्या दोन पट्ट्यांना तेवढी क्रोशाची किनार लावणार आहे. एकूण दीड मीटर. बचतगटाच्या स्टॉलवर ती विणणाऱ्या बाईंना मी विचारलं, एवढ्याला किती वेळ लागतो? त्या आधी हसल्या, असं कुणी मोजत नाही म्हणाल्या. मग बोटांवर मोजून त्यांनी सांगितलं, तीन दुपारी. भाव आम्ही त्या तीन दुपारींवरून ठरवला.